मान नसलेला हँगर

मध्यम दर्जाच्या साखळी हॉटेलातल्या खोलीत शिरलो की मी आधी कपाट उघडतो. पलंग मऊ आहे का, खिडकीतून काय दिसतं, हे सगळं नंतर. हॉटेलचं आपल्याबद्दलचं खरं मत कपाटातल्या हँगरवरून कळतं. बहुतेक ठिकाणी त्याला वरचा आकडाच नसतो. दांडीत बंद कड्या कायमच्या ओवलेल्या असतात, हँगरच्या डोक्यावर एक गोटी असते आणि ती कडीच्या खाचेत सरकवायची असते. असा हँगर घरी नेऊन कुठेच टांगता येत नाही, म्हणून तो चोरीला जात नाही. सुरकुतलेला शर्ट बाथरूमच्या वाफेत लटकवायला जावं, तर तिथेही टांगता येत नाही. हँगरला मान नाही. पाहुण्याला मात्र मानच मान. टेबलावरच्या कार्डावर ‘प्रिय पाहुणे’, टीव्हीच्या पडद्यावर ‘सुस्वागतम्’ आणि त्याखाली आपलं नाव, बहुधा एखादं अक्षर चुकलेलं.

या खोलीचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही आणि ती ते अत्यंत नम्रपणे सांगते, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचे हाल समजायला सोपे जातात. कमी होत नाहीत, नुसते समजतात.

सुरुवात रिसेप्शनवर होते. खोलीचं भाडं आधीच भरलेलं असलं तरी कार्डावर अनामत अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा गोठते आणि मुक्काम संपल्यावर बँकेच्या सवडीने सुटते. डेबिट कार्ड दिलं तर आपल्या खात्यातली खरी रक्कम गोठते, म्हणून तिथे क्रेडिट कार्डच पुढे करावं. खोलीही तिथेच मागून घ्यावी: लिफ्टपासून लांबची, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार नसलेली. ते दार कुलूपबंद असतं, पण आवाजाला कुलूप लागत नाही.

मग हातात येतं की-कार्ड. छिद्रं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाने उघडणारं कुलूप नॉर्वेच्या तोर सॉर्नेस यांनी १९७० च्या दशकात केलं. छिद्रांच्या जागी पुढे चुंबकीय पट्टी आली, मग चिप. दार न उघडल्याचा लाल दिवा मात्र ज्याच्या त्याच्या नशिबी आहेच. लोकांना वाटतं, रिसेप्शनवर काहीतरी बटण दाबलं की दार उघडतं. पुष्कळ हॉटेलांत त्या कुलपाचा खालच्या मजल्याशी काडीचाही संबंध नसतो. ते चार पेन्सिल सेलवर चालतं, त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि खोलीचा क्रमांक व मुक्काम संपण्याची वेळ ते कार्डावरून वाचतं. मुक्काम एका दिवसाने वाढवलात, पैसेही भरलेत, तरी कार्ड पुन्हा लिहून घेतलं नाही तर दार उघडणार नाही. कुलपाला ही आनंदाची बातमी सांगणारं कोणीच नसतं.

दुसरी गंमत याहून भारी. खोलीत दोघं असतील आणि एकजण खाली जाऊन ‘आणखी एक कार्ड द्या’ म्हणाला, तर ते ‘जोड कार्ड’ म्हणून बनवायला हवं. घाईत ‘नवा पाहुणा’ म्हणून बनवलं, तर ते दाराला लागताक्षणी कुलूप आधीची कार्डं रद्द करतं. कुलपाच्या मते जुना पाहुणा गेला. जुना पाहुणा त्या वेळी पाण्याची बाटली आणायला गेलेला असतो. म्हणून ‘जोड’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा, आणि दोन्ही कार्डं सुरुवातीलाच मागून घ्यावीत. चुंबकीय पट्टीचं कार्ड पर्सच्या चुंबकी बटणाजवळ ठेवलं की पुसलं जातं. चिपचं पुसलं जात नाही, पण पाकिटातल्या इतर कार्डांच्या गर्दीत कुलपाला ते वाचता येत नाही, तेव्हा बाहेर काढूनच लावावं. आणि हिरवा दिवा लागेपर्यंत मूठ दाबू नये. दार न उघडण्यामागे पुष्कळदा हा उतावीळपणाच असतो.

दोन कार्डं लागतात याला आणखी एक कारण. आत शिरल्यावर एक कार्ड दाराजवळच्या खाचेत खोचावं लागतं, नाहीतर वीज नाही. ते काढलं की अर्ध्याएक मिनिटात सगळं बंद. एसी बंद आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइल चार्ज करायला लावलेला प्लगही. जुन्या खाचेत आत फक्त एक कळ असते, तिला कोणतंही ताठ कार्ड चालतं. मुदत संपलेलं वाचनालयाचं सभासदपत्र याहून सत्कारणी लागलेलं मी पाहिलेलं नाही. नवी खाच चिप तपासते आणि वाचनालयाला मोजत नाही.

आता एसी. त्याच्या भिंतीवरच्या तबकडीत किंवा छतात कुठेतरी हालचाल ओळखणारा डोळा असतो. ऊबदार शरीर हललं की खोलीत माणूस आहे, बराच वेळ काही हललं नाही की खोली रिकामी, एसीला विश्रांती. झोपलेला माणूस हलत नाही, ही बाब यंत्रणा बसवणाऱ्याच्या लक्षात आली नसावी. पहाटे तीन वाजता घामाने जाग येते आणि पलंगावर उठून बसून, निघून चाललेली बस थांबवावी तसे दोन्ही हात हलवावे लागतात. शहाणी यंत्रणा दाराचीही नोंद ठेवते: दार लागल्यानंतर आत कोणी हललं, तर पुन्हा दार उघडेपर्यंत ती त्याला जिवंत मानते. आपल्या नशिबी कोणती आहे, हे पहाटे तीनलाच कळतं. बाल्कनीचं दार किंचित उघडं राहिलं तरी एसी बंद पडू शकतो, कारण चौकटीतही एक कळ दडवलेली असते. तक्रार करण्याआधी ते दार घट्ट लावून पाहावं.

पडद्यावर अठरा अंश दिसतात म्हणून खोली अठरावर जाते असंही नाही. पुष्कळ इमारतींत पाण्याच्या नळ्यांची एकच जोडी सगळ्या खोल्यांतून फिरते. तिच्यात एका वेळी एकतर गार पाणी असतं किंवा गरम, आणि बदल ऋतूबरोबर एकदाच करतात. मधल्या दिवसांत तुम्ही कितीही बटणं दाबा, वाऱ्याचा वेग तेवढा बदलतो. अशा वेळी रिसेप्शनला एकच प्रश्न विचारावा: ‘इमारत सध्या थंडवर आहे की गरमवर?’ पलीकडे क्षणभर शांतता पसरते. हा पाहुणा जाणकार आहे, असं त्यांना वाटतं आणि एक जास्तीचं पांघरूण लगेच येतं.

बाथरूमबद्दल बोलायचं तर एल्सवर्थ स्टॅटलर यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात उघडलेल्या आपल्या हॉटेलात त्यांनी प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं. ते परवडावं म्हणून दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींच्या नळ्या एकाच उभ्या पोकळीतून नेल्या. ही युक्ती जगभर रुळली. म्हणूनच शेजारच्या खोलीतल्या अनोळखी गृहस्थांच्या गुळण्या आपल्याला सकाळी सव्वासहाला अगदी कानाशी ऐकू येतात. आपल्याही त्यांना येतात, हे विसरू नये.

शॉवर ही तर परीक्षाच, आणि ती कपडे काढून द्यायची असते. नळ शॉवरच्या बरोबर खाली बसवलेला असतो, म्हणजे तो उघडणारा माणूस पहिल्या पाण्याच्या थेट माऱ्यात येतो. पहिलं पाणी नळीत रात्रभर पडून असलेलं, अर्थात गार. तेव्हा बाहेर उभं राहून, हात लांब करून नळ उघडावा आणि वाट पाहावी. चांगल्या इमारतीत गरम पाणी सतत नळ्यांतून फिरवत ठेवतात, तिथे काही सेकंद पुरतात. तो फेरा नीट जुळवलेला नसेल तर शेवटच्या खोलीवाल्याने तेवढ्यात दाढी उरकून घ्यावी. नळाला दोन मुठी असतील, तर जिच्यावर आकडे आहेत ती तापमानाची, दुसरी धारेची. आकडेवाली अडतीसवर अडते. ती बिघडलेली नसते. तिच्यावरचं छोटं बटण दाबून धरलं की पुढे सरकते. पण बेताने, कारण लिजिओनेला नावाचे जंतू वाढू नयेत म्हणून टाकीतलं पाणी साठ अंशांच्या आसपास ठेवतात. काचेचा आडोसा अर्धाच असतो, म्हणून पायपुसणं गुंडाळून काचेच्या टोकाशी बांध घालावा आणि मगच आत जावं. शाम्पूची बाटली भिंतीला स्क्रूने ठोकलेली असते. हँगरचीच ती चुलत बहीण.

दिव्यांची बटणं मोजण्यात अर्थ नाही. पलंगाशेजारी सगळं विझवणारं एक मुख्य बटण असतं. ते दाबूनही एक दिवा उरतो. तो आरशामागचा असतो किंवा पलंगाखालचा. पडद्यांच्या मधल्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी नेमकी डोळ्यांवर पडते. इथे पँट अडकवायचा चिमट्यांचा हँगर कामी येतो: गोटी कडीतून सोडवायची आणि दोन्ही पडदे एकत्र धरून चिमटे लावायचे. त्याला मान नसली तरी चालते.

फ्रिज आवाज करत नाही, कारण त्यात बहुधा कॉम्प्रेसरच नसतो. उष्णतेवर चालणारी ही जात स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधली. शांत आहे, पण फार गारही करत नाही. रात्री ठेवलेली कोमट बाटली सकाळी विचारात पडल्यासारखी निघते. काही ठिकाणी खालच्या फळीत वजनाचा काटा असतो: बाटली उचलून काही सेकंदांत परत ठेवली नाही, की ती बिलात. नुसतं लेबल वाचायचं असेल तर वाकून वाचावं.

तिजोरीचा आकडा आधी दार उघडं ठेवून दोनदा लावून पाहावा, एवढंच.

नाश्त्याला फिरत्या पट्ट्याचा टोस्टर असतो. पाव एकदा फिरवला की पांढराच बाहेर येतो, दुसऱ्यांदा फिरवला की कोळसा. यात लबाडी नाही. पहिल्या फेरीची उष्णता पावातलं पाणी उडवण्यात जाते आणि तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपासच राहतो. तांबूस रंग साधारण एकशेचाळीसच्या पुढे धरतो. दुसऱ्या फेरीत वरचा थर कोरडाच असतो, मग त्याला जळायला वेळ लागत नाही. उपाय एकच: पट्ट्याचा वेग एका खुणेने कमी करून एकाच फेरीत काम भागवायचं. मागे रांगेत उभे असलेले याला उपाय म्हणत नाहीत.

दुपारी उशिरा खोली सोडायची असेल तर आदल्या संध्याकाळी विचारावं. सकाळी साफसफाईची यादी निघालेली असते आणि तिच्यात आपण गेलेले असतो. चार्जर पलंगामागच्या प्लगमधून काढावा. कार्ड परत देताना समोरची व्यक्ती हसून विचारते, ‘फ्रिजमधलं काही घेतलंत?’ आपण ‘नाही’ म्हणतो. ती ‘धन्यवाद’ म्हणते आणि तेच हसू तसंच ठेवून वरच्या मजल्यावर फोन लावते. वर कोणीतरी कपाट उघडून मोजतं. फ्रिज ठीक आहे, टॉवेल ठीक आहेत, एक हँगर मात्र कमी आहे.

तो पडद्याला आहे, हे आपल्याला टॅक्सीत आठवतं.