मांडव उतरायच्या आधी एक सही

लग्नसराई सुरू झाली की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात दोन प्रकारचे लोक येतात, एक ते ज्यांना पत्रिकेचा मजकूर टाइप करून पाह्यजे अन् दुसरे ते ज्यांच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली अन् आता मॅरेज सर्टिफिकेट पाह्यजे, तेही उद्याच. पहिल्यांजवळ वेळच वेळ, कोणाचं नाव वर अन् कोणाचं खाली यावर घंटाभर चर्चा, मोठे काका रुसले, आत्याचा जावई राहून गेला, सरपंचाले वर घ्या. दुसऱ्यांजवळ काहीच नसते, पत्रिका नाही, धड फोटो नाही, लग्न लावणारे महाराज कुठले होते तेही आठवत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मांडववाला, आचारी अन् धुमाल वाजवणारा बँडवाला ज्या दिवशी ठरवता त्याच दिवशी लग्नाच्या नोंदणीचं ग्रामसेवकालाही सांगून ठेवा. गावात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानं विवाह निबंधक तोच आहे, आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालं पण आपल्या तोंडी ग्रामसेवकच राहणार. लग्नापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असते, नंतरही होते पण मग उशिराचं शुल्क लागते अन् चकरा माराव्या लागतात.

हे सांगितलं की लोक चमकतात. एक बाप तं माझ्यावरच भडकला, "काहून बाप्पा, आमच्या पोरीनं काय पळून जाऊन केलं? हजार पत्रिका वाटल्या आमी!" म्हणजे नोंदणी म्हटलं की डोक्यात कोर्ट मॅरेज अन् कोर्ट मॅरेज म्हटलं की पळून जाणं. कोर्टाचा यात काही संबंधच नाही राजेहो. ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं लग्न, ते विवाह अधिकाऱ्यासमोर लागते, आधी नोटीस द्यायची, दोघांपैकी एक जण तरी नोटिशीच्या आधीचे ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाह्यजे, मग ती नोटीस ३० दिवस बोर्डावर लागते, कोणाची कायद्यात बसणारी हरकत आली नाही तं ३ साक्षीदारांसमोर सह्या अन् झालं लग्न. जात-धर्म कोणताही चालते. म्हणून तहसीलजवळ कोणी "एका दिवसात कोर्ट मॅरेज" म्हणून हजारो रुपये मागत असला तं जरा थांबा, या कायद्यात एका दिवसात काही होत नाही.

मांडवातलं लग्न मात्र मांडवातच पूर्ण होते. सप्तपदी घेतली असो की आपल्याकडे बौद्ध पद्धतीनं त्रिशरण-पंचशील घेऊन मंगल परिणय झाला असो, दोन्ही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बसते, ग्रामसेवक फक्त त्याची नोंद घेतो. उलटं मात्र चालत नाही. पुण्याले कंपनीत असलेल्या पोरांचं नवीन निघालं आहे, फ्लॅटच्या लोनसाठी आधी सर्टिफिकेट काढून घेऊ अन् लग्न पुढच्या मे मध्ये करू. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरळ सांगून टाकलं, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तं नुसत्या सर्टिफिकेटनं लग्न होत नाही. विधी करायचाच नसेल तं १९५४ वाला रस्ता आहे ना, मला तं तो लय आवडते, पण तो धरला तं नीट धरा.

कागदाची किंमत आमच्या दुकानात २०२४ च्या जुलैमध्ये सगळ्यात जास्त दिसली, लाडक्या बहिणीच्या फॉर्मच्या वेळी. नव्या नवरीचं नाव माहेरच्या राशन कार्डातून कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नाही, आधारवर बापाचंच नाव. सरकारनं सवलत दिली की मॅरेज सर्टिफिकेट असेल तं नवऱ्याचं राशन कार्ड चालेल. पण ते सर्टिफिकेट होतं कोणाजवळ? पोरी लेकरू काखेत घेऊन लाइनीत उभ्या अन् नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून म्हणते, "काय लागते त्याले, लग्न तं सगळ्या गावानं पाह्यलं." गाव साक्षीला आहे हे पोर्टलवर अपलोड करता येत नाही ना भाऊ.

अन् हे तं दीड हजाराचं झालं. उद्या कपाशीत फवारताना, साप चावून, वीज पडून नवरा गेला तं शेतकरी अपघात योजनेचे २ लाख मिळतात, त्या वेळी मी याची बायको आहे हे तिलाच दाखवावं लागते, अन् तेव्हा घरातले सगळेच तिच्या बाजूनं उभे राहतात असं नाही. दुकानात पाह्यलं आहे म्हणून सांगतो. लग्नात अपशकुनी बोलू नये म्हणतात, बोलावं.

आता पत्रिकेचं. आपल्याकडे पत्रिकेत "चि. सौ. कां. पिंकी" छापतात अन् शाळेच्या टीसीवर, म्हणजे दाखल्यावर, प्रियंका असते, नवरदेव पत्रिकेत "बंटी" अन् आधारवर तिसरंच काही, त्यात बापाचं नाव एकीकडे पांडुरंग अन् दुसरीकडे पांडूरंगजी. नोंदणीच्या अर्जाला हीच पत्रिका जोडायची असते. मग नावात फरक म्हणून ॲफिडेव्हिट करा. घरचं नाव कंसात टाका ना, कोण नाही म्हणते, पण मोठ्या अक्षरात टीसीवरचं नाव येऊ द्या. जन्मतारीखही तेव्हाच पाहून घ्या, पोरगी १८ अन् पोरगा २१ पूर्ण नसेल तं पत्रिका छापूच नका, बालविवाह थांबवायची जबाबदारी गावात त्याच ग्रामसेवकावर आहे.

साक्षीदार ३ लागतात, ते गावातलेच धरा. मुंबईच्या भाऊजीला मान म्हणून साक्षीदार केलं की ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून जातात. अन् सह्या घ्यायला वेळ कुठे आहे असं तं म्हणूच नका, पत्रिकेवर लग्न ११ वाजून ३५ मिनिटांनी अन् वरात मांडवात येते दोन वाजता, ४५ डिग्रीत म्हाताऱ्या बाया पदरानं वारा घेत बसल्या, आचारी चिडला, कढी तीनदा गरम झाली. तेवढ्या वेळात अर्ध्या गावाच्या सह्या होतील. महाराजांची किंवा बौद्धाचार्यांची सही तं तिथंच घ्या, ते पुढच्या लग्नाला गेले की फोन उचलत नाहीत. मग नवरा-नवरीनं साक्षीदार घेऊन त्या आठवड्यातच पंचायतीत जाऊन यायचं.

खर्चाचं मी जास्त बोलत नाही, कर्ज काढून लग्न करू नका हे गाडगेबाबांनी कीर्तनात सांगून सांगून झालं, त्यांचा फोटो आपण पंचायतीत लावला अन् डीजेचा ॲडव्हान्स देऊन आलो. फक्त एक सांगतो, शेतकरी-शेतमजुराच्या पोरीसाठी शुभमंगल योजना आहे, सामूहिक किंवा नोंदणीकृत लग्न केलं तं मिळते, आधी १० हजार होते आता २५ हजार झाले. महिला व बालविकासच्या ऑफिसात आधी विचारा, लग्न झाल्यावर नका विचारू.

अन् फोटोवाल्याला बजावून ठेवा. ड्रोन, रील सगळं करू दे, पण नोंदणीच्या अर्जासाठी हार घालतानाचा एक साधा फोटो, दोघांचे तोंडं दिसणारा, मुंडावळ्या बाजूला करून, त्याच रात्री व्हॉट्सॲपवर टाकायला लावा. त्याचा अल्बम दिवाळीशिवाय येत नाही.