पत्रा की मेज?

'मामा, बोर्ड म्हंजे पत्राच की. कन्नड मोठं रंगवलं की झालं,' असं भाच्यानं बेळगावच्या शहापुरातून कळवलं आणि माझा दिवस नासला. कर्नाटकानं २०२४ मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं, तेव्हापासून घरात हाच वाद. त्याचं दुकान आहे, त्याला गिऱ्हाईक पाहिजे. मला इकडं बसून तत्त्व पाहिजे.

पण बोर्ड म्हणजे नुसता पत्रा नव्हे. इंग्रजीत ती मुळात लाकडी फळी. तिचं जेवणाचं मेज झालं, मेजावरच्या जेवणालाही बोर्ड म्हणू लागले, आणि मेजाभोवती बसून ठरवणारी माणसंही बोर्डच झाली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते पोरांच्या राहण्याजेवण्याचं. आमच्या कॅम्पातलं कँटोन्मेंट बोर्ड हे ठरवणारं. दहावीचं तर विचारूच नका: शाळा मराठी, बोर्ड बेंगळूरचं. पत्र्यावर काय रंगवायचं ते मेजाभोवतीचे ठरवतात, आणि आम्ही भांडतो रंगाऱ्याशी.

मी वेल्समध्ये, कार्डिफला असतो. १९९३ च्या कायद्यानं इथं वेल्श भाषेचं बोर्डच नेमलं होतं, २०१२ पर्यंत ते चाललं. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के, तरी कौन्सिलचं प्रत्येक पत्र दोन भाषांत येतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र सक्ती नाही! हे ऐकवल्यावर भाचा म्हणाला, 'वेल्शवाल्यांना इंग्रजीची भीती, तशी कन्नडवाल्यांना हिंदी-इंग्रजीची.' हे मला सोयीचं नव्हतं. मी बेळगावजवळचं येळ्ळूर काढलं. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक २०१४ च्या जुलैत कोर्टाच्या आदेशावरून हटवला, गावात लाठ्या चालल्या. पत्र्यासाठी कोण मार खातं?

वेल्श पाटीचं मला कौतुक, कारण तिथं माझं काहीच जात नाही. कन्नडही मला शाळेत होतं, पाटी झरझर वाचता येते. आजोबांसमोर मात्र कधी मोठ्यानं वाचली नाही. आणि इथं कुणी गाव विचारलं की महाराष्ट्र म्हणावं तर नकाशा आडवा येतो, कर्नाटक म्हणावं तर जीभ. मी 'गोव्याजवळ' म्हणतो. लोक लगेच समुद्राबद्दल विचारतात.