पायातला ब्रेक

लहानपणी मधल्या दांड्याखालून पाय घालून सायकल शिकलेल्या माणसाला ॲम्स्टरडॅममध्ये सायकल भाड्याने घेताना फार आत्मविश्वास असतो. तो पहिल्या सिग्नलपर्यंत पुरतो.

कारण भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो. तो मागच्या चाकाच्या हबमध्ये असतो आणि पेडल उलटं दाबलं की लागतो. आपल्याला चालत्या सायकलवर पेडल उलटं फिरवून टर्रर्र वाजवायची खोड. इथे टर्रर्र होत नाही, सायकल जागच्या जागी थांबते आणि सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं घेऊन मागून येणारी बाई डचमध्ये काहीतरी बोलते. ते समजत नाही, हे माझ्या मते बरंच आहे. निघताना पुन्हा पंचाईत: पेडल वर आणायला मागे फिरवावं, तर ते फिरतच नाही! म्हणून उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी येईल असंच थांबायचं. चुकलं तर सीट धरून मागचं चाक उचलायचं आणि पेडल पुढे फिरवायचं. शिवाय चेन पडली की हा ब्रेकही गेला. दुकानात पुढे हातब्रेक असलेलीच सायकल मागावी, लाजू नये.

जायचं उजवीकडून, सायकलींच्या लाल पट्ट्यावरून. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असली तर आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. खुणा, सिग्नल काहीच नसेल तर मान उजवीकडून येणाऱ्याचा. इथे उद्धटपणापेक्षा सौजन्य धोक्याचं: हक्क आपला असताना ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून थांबलात, की मागचे चौघे अंगावर. ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडायचे. त्यांची फट जणू आपल्या टायरचं माप घेऊनच पाडली आहे. हातात मोबाइल धरून चालवणं १ जुलै २०१९ पासून दंडपात्र आहे, तेव्हा नकाशा कडेला उतरून पाहावा.

कुलपं दोन. एक मागच्या चाकाचं, दुसरी साखळी पुढचं चाक आणि फ्रेम मिळून स्टँडला. सेंट्रल स्टेशनसमोर पाण्याखाली ७,००० सायकलींचा वाहनतळ आहे, पहिले २४ तास फुकट. रांगेच्या क्रमांकाचा फोटो काढल्याशिवाय मात्र वर येऊ नये; काळ्या सायकली सगळ्या सारख्याच दिसतात.

स्टेशनमागून फुकटच्या फेरीबोटीने सायकलसह पलीकडे नोर्डला, म्हणजे शहराच्या उत्तर भागात, जाता येतं. तिथून पुढे गवत, कालवे आणि वारा. चढ नाही म्हणून खूश होऊ नका, चढाचं काम वाराच करतो. जाताना तो समोरून घ्यावा, येताना पाठीवर. उलट केलंत तर परतीची बोट दिसेपर्यंत पाय हिशेब मागतात.