घ्या मॅडम, साहेबांशी बोला

रविवारी संध्याकाळी सव्वापाचला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात एका माणसाने माझ्या तोंडापुढे मोबाइल धरला आणि म्हणाला, "घ्या मॅडम, साहेबांशी बोला." कोण साहेब, कुठले साहेब, काही नाही. मी त्याचं नाव विचारलं होतं. आत शिरायचा परवाना आहे का, एवढंच विचारलं होतं. त्याच्या मागे कोरड्या ओढ्यात तीन दगडांची चूल पेटलेली, वर कोंबडीचं पातेलं, बाजूला बिअरचा खोका आणि सगळीकडे पाचोळा. मार्च महिना. पाय टाकला की पापडासारखा मोडणारा पाचोळा. आणि हा माणूस मला फोन देतोय.

या फोनचा मला वीट आलाय. संताप संताप होतो. गेली सहा वर्षं मी वनरक्षक आहे, 3 किलोमीटर धावून, लेखी परीक्षा देऊन, मेरिटमध्ये येऊन ही वर्दी मिळवली आहे. माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलातली पायवाट मला अंधारातही सापडते. पण दर शनिवार-रविवारी कोणीतरी उठतो, खिशातून फोन काढतो आणि माझी सहा वर्षं एका नंबरापुढे शून्य करून टाकतो.

आधी हे स्पष्ट सांगते, कारण दरवेळी मला विचारतात, "पिकनिकला यायचं नाही का मग?" या ना. उपवन तलावावरून वर घाट चढून पाड्यांपर्यंत जाणारा रस्ता आहेच. पण त्याच्या पुढचं जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं, जवळजवळ 104 चौरस किलोमीटर. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागतो. कलम 27 म्हणतं, परवान्याशिवाय आत यायचं नाही. कलम 30 म्हणतं, आग पेटवायची नाही आणि पेटती सोडून जायची नाही. कलम 50 खाली मला तुम्हाला थांबवता येतं, सामान तपासता येतं. हे अधिकार मला कायद्याने दिलेत. मी रागावले म्हणून मी थांबवत नाही, आणि तुम्ही कोणाचे मेहुणे आहात म्हणून मला सोडताही येत नाही.

"अहो, एवढीशी चूल आहे, आम्ही विझवूनच जाणार होतो." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! विझवून जातात म्हणजे काय करतात? वर बाटलीतलं उरलेलं पाणी ओततात आणि निघतात. खालचा निखारा तसाच असतो. तासाभराने वारा सुटतो. साग, ऐन, पळस या दिवसांत पानं टाकतात, त्याचा थर घोट्यापर्यंत येतो. त्यात 2024 मध्ये कारवी फुलली होती. आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की ती झाडं मरतात. त्या वाळलेल्या काठ्या डोंगरउतारावर अजून दाट उभ्या आहेत. तिला एकदा आग लागली की ती जमिनीवरून सरपटत नाही, उभी पेटत वर चढते.

आणि ती विझवायला कोण जातं? फोनवरचे साहेब येत नाहीत. आम्ही जातो. दोन वनमजूर, मी, पाड्यातली चार पोरं. ब्लोअर असला तर ब्लोअर, नाहीतर हिरव्या फांद्या तोडून झोडपायचं. डिसेंबर-जानेवारीपासून आम्ही जाळरेषा साफ करतो, आग पुढे सरकू नये म्हणून पट्टेच्या पट्टे मोकळे करतो. दोन महिन्यांची ती मेहनत एका पातेल्यासाठी पणाला लागते. गेल्या वर्षी एका रात्री पहाटे तीनपर्यंत आम्ही उतारावर होतो. सकाळी माझ्या भुवया जळलेल्या होत्या. राखेत एक सरडा मिळाला, दगडाखाली तोंड खुपसून तसाच भाजलेला. तो अजून डोळ्यांपुढे येतो.

तर फोन. पहिल्या वर्षी मी तो घ्यायचे. कोवळी होते, वाटायचं खरंच कोणी वरिष्ठ असतील. एकदा असाच कानाला लावला तर पलीकडचा माणूस ओरडलासुद्धा नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही राहायला कुठे?" बस, एवढंच. त्या रात्री मी एकटी क्वार्टरवर होते आणि दाराला आतून टेबल लावून झोपले. दुसऱ्या दिवशी हे मी राऊंडच्या साहेबांना, म्हणजे आमच्या वनपालांना सांगितलं. ते म्हणाले, "यापुढे कोणाचाही फोन कानाला लावायचा नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी ऑफिसला यावं." तेव्हापासून मी फोन घेत नाही. वनपालांनी ते माझ्यासाठी केलं, त्याबद्दल मी त्यांचं नेहमी ऋण मानते.

रविवारीही घेतला नाही. मी म्हटलं, "आधी चूल विझवा." तो म्हणाला, "आधी साहेबांशी बोला." दोन मिनिटं आम्ही तसेच उभे. फोनचा स्पीकर चालू होता, आतून आवाज येतोय, "हॅलो, कोण आहे तिथे? द्या तिला." तिला! मग आमच्या वनमजुराने त्यांचा पाण्याचा मोठा जार उचलला आणि सरळ चुलीवर रिकामा केला. धुराचा लोट उठला. तेव्हा तो माणूस पहिल्यांदा फोन खाली घेऊन बोलला: "अरे, ते प्यायचं पाणी होतं!"

प्यायचं पाणी होतं म्हणे. समोर आख्खं जंगल पेटलं असतं, आणि याला जार दिसला.

पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल फाडला, पंचनामा केला, जबाब घेतले. आठ वाजले. माझी ड्युटी सहाला संपली होती. त्याच्याबरोबरची एक बाई तेवढ्या वेळात तीनदा म्हणाली, "वॉचमनचा केवढा तो रुबाब." ताई, मी वॉचमन नाही. आणि वॉचमननेही हे ऐकून का घ्यावं?

पण खरा राग याचा नाही. तो सांगायचाच राहील म्हणून लिहायला बसले.

त्याच्या आदल्या गुरुवारी सकाळी पायवाटेवर मला पाड्यातली एक म्हातारी भेटली होती. डोक्यावर सुक्या काटक्यांची मोळी. राष्ट्रीय उद्यानातून लाकूडफाटा नेता येत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मी शिट्टी मारली. ती जागच्या जागी थांबली, मोळी उतरवून ठेवली, पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "आजच्या दिवस सोडा बाई, गॅस संपलाय." मी तिला कायदा सांगितला. तिने सगळा ऐकून घेतला. मोळी तिथेच टाकून ती रिकाम्या डोक्याने उतरून गेली. वळून पाहिलंही नाही.

तिच्याकडेही मोबाइल होता. कमरेला पिशवीत होता, मी पाहिला. पण लावायला तिच्याकडे कोणाचा नंबर नाही.

म्हणजे जिचे आजे-पणजे याच जंगलात जगले, जिची पोरं आमच्याबरोबर आग विझवायला येतात, ती माझ्या एका शिट्टीला थांबते. आणि जो घोडबंदरवरून गाडी घेऊन येतो, माझ्या जंगलात चूल पेटवतो, तो मला फोन देतो. माझा कायदा मोळीवालीला लागतो आणि गाडीवाल्यापुढे अर्धा तास भांडून कसाबसा लागतो. या विचाराने मला गुरुवारपासून जेवण गोड लागत नाही. त्या म्हातारीसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

आणि हेच लोक, बरं का, बिबट्या दिसला की आम्हालाच फोन करतात. "तुमचा बिबट्या आमच्या सोसायटीत आलाय, घेऊन जा." 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यात समतानगरच्या मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. शेवटी उद्यानाच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून पकडलं. बिबट्या वस्तीकडे का वळतो, हे मी पार्टीवाल्यांना उभ्या उभ्या समजावते. तुम्ही उरलेली बिर्याणी, हाडं टाकून जाता. त्यावर कुत्री येतात. कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. मग बिबट्या त्या वाटेला लागतो, आणि त्याच वाटेने पाड्यातली पोरं शाळेला जातात. तुम्ही तोवर घरी पोचून फोटो टाकलेले असतात. ऐकतात, मान हलवतात, आणि निघताना पिशवी करवंदीच्या जाळीत फेकून जातात. जाळीत हात घालून ती काढताना काटे कोणाच्या हाताला लागतात?

पावसाळ्यात तर वेगळंच. धबधब्यावर बंदी असली तरी पोरं येतात, आणि त्यांना अडवलं की आधी रील काढतात. त्यावर मी आता काही बोलत नाही. बोलले की तेच व्हिडिओ होतात.

सोमवारी सकाळी गस्तीला त्याच ओढ्याने खाली पाणवठ्यापर्यंत गेले. उन्हाळ्यात आम्ही टँकरने पाणी आणून टाकतो तो पाणवठा. काठच्या ओल्या मातीत सांबराच्या खुराचा ताजा ठसा होता, दोन फाकींचा, खोल रुतलेला. आणि त्या ठशातच तपकिरी बाटलीचा तुकडा उभा रुतला होता, धार वर. त्या सांबराचा पाय कापला का, मला माहीत नाही. पुढे दगड होते, माग हरवला. आम्ही दोघांनी बसून काचा वेचल्या, चिमुकल्या तुकड्यांसाठी माती चाळली. गोणीत एक किलोभर काच भरली.

ज्यांचे नंबर लोक असे लावतात, त्यांना हात जोडून सांगते. रविवारी संध्याकाळी तुमचा फोन वाजला आणि पलीकडून कोणी म्हणालं, "जरा या फॉरेस्टवाल्या बाईला सांगा ना", तर मला काही सांगू नका. त्यालाच सांगा की चूल विझव, बाटल्या गाडीत भर आणि बाई लिहील तिथे सही कर.

या रविवारी दुपारी दोनपासून पुन्हा माझीच ड्युटी आहे, त्याच ओढ्यावर.