कोय कुंडीत, हापूस दोन वर्षांत?

आंब्याचा हंगाम आला की एक संदेश दरवर्षी न चुकता फिरू लागतो. त्याचा सारांश असा : रोपवाटिकेला पैसे देऊ नका, खाल्लेल्या हापूसची कोय कुंडीत रुजवा, नाहीतर आंब्याची फांदी केळ्यात खोचून लावा, कुंडीच्या तळाला खडी घाला, खत म्हणून अंड्याची टरफले टाका, आणि दोन वर्षांत बाल्कनीतला हापूस खा. सोबत फळांनी लगडलेल्या बुटक्या झाडाचे छायाचित्र असते. छायाचित्र खरे असू शकेल, पण मग ते झाड कलमाचे असणार, आणि नेमकी हीच गोष्ट संदेशात लिहिलेली नसते.

कोय रुजते, याबद्दल वाद नाही. रुजून काय येते, हा प्रश्न आहे. हापूसची कोय एकभ्रूणी असते, म्हणजे तिच्यात एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो. आई हापूस असली तरी पराग आसपासच्या कोणत्याही आंब्याचा असू शकतो, त्यामुळे गुणांची सरमिसळ होते आणि रोप हापूसचे राहत नाही. कोकणात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोयीपासून वाढलेल्या, झाडागणिक चव बदलणाऱ्या आंब्याला तिथे रायवळ म्हणतात आणि हापूस हवा असेल तर कलमच लावतात. केरळातील ओलूर किंवा चंद्रकारन यांसारख्या काही जाती मात्र बहुभ्रूणी आहेत; त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतली बरीचशी मूळ झाडासारखीच निघतात. हापूस त्यांत बसत नाही.

‘दोन वर्षांत’ हा दावा तर त्याहून कच्चा आहे. कोयीच्या झाडाला बालवय ओलांडून मोहोर धरायला साधारणपणे सहा ते दहा वर्षे लागतात, आणि तोवर त्याला जमिनीत खोल जाणारे सोटमूळ हवे असते, जे कुंडीत वेटोळे घेत बसते. कलमात जोडलेली काडी फळणाऱ्या, प्रौढ झाडाची असल्यामुळे हे बालवय टळते आणि तीन-चार वर्षांत फळ धरता येते. ज्यांना कोय टाकवत नाही (मलाही टाकवत नाही), त्यांनी तिचा उपयोग खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या मुळासकटच्या रोपासाठी, करावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रुळवलेली कोय कलमाची पद्धत हेच करते : पावसाळ्यात कोय रुजवायची, रोप दोनेक आठवड्यांचे आणि पाने तांबूस असतानाच त्याचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर देऊन तीत हापूसची डोळकाडी (फळणाऱ्या झाडाची डोळे असलेली काडी) पाचरीसारखी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. कुंडीतच वाढवायचे असेल, तर हापूसपेक्षा दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली बुटकी आम्रपाली अधिक सोयीची.

केळ्यात खोचलेल्या फांदीबद्दल थोडक्यात. आंब्याची छाटलेली फांदी सहजासहजी मुळे धरत नाही, आणि केळे तिला मुळे फोडायला लावते असे मानण्याला आधार नाही. फांदी काही आठवडे हिरवी दिसते ती स्वतःत साठवलेल्या अन्नावर. अंजीर आणि डाळिंब मात्र फांदीपासून खरोखर रुजतात, आणि तेही केळ्याशिवाय.

तळाच्या खडीचा सल्ला इतका जुना आहे की चांगले जाणकारही तो देतात. पण बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहते. म्हणजे ओला, हवा नसलेला थर मुळांच्या अधिक जवळ येतो आणि तेवढी मातीही कमी होते. छिद्रावर माती अडवण्यापुरती एक खापरी ठेवावी, मातीच भुसभुशीत करावी आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी.

अंड्याच्या टरफलांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते फार सावकाश विरघळते. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीला चुन्याची कमतरता नसते. उलट तिथे जास्तीच्या चुन्यामुळेच लिंबाला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. अशा लिंबाखाली टरफले टाकणे म्हणजे दुखण्यातच भर घालणे.

ज्या दोन गोष्टींवर कुंडीतले फळ खरोखर ठरते, त्यांचा संदेशात उल्लेखच नाही. पहिली ऊन : रोज किमान सहा तास थेट ऊन नसेल, तर उत्तम कलमही नुसती पाने काढत बसते. दुसरी वजन : आंब्याला निदान अर्धे पिंप, म्हणजे शंभर लिटर माती हवी, आणि ती भिजल्यावर सहज दीडशे किलो भरते. बाल्कनीच्या कठड्यालगत असे पिंप ठेवण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.