"दुकानदार काय करणार?" म्हणणाऱ्या त्या मेसेजला एका दुकानदाराचं उत्तर

आठ दिवसात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातले दोन तर आमच्या व्यापाऱ्यांचेच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: शाश्वत शेती (पाणी-माती जपून केलेली) ही पुण्या-मुंबईच्या लोकांची फॅशन आहे, गिऱ्हाईकाला फक्त स्वस्त पाहिजे, दुकानदार नुसता मधला माणूस अन् त्याच्या हातात काही नसतं, सेंद्रिय म्हणजे सगळी फसवणूक, आणि माशांचं तर बोलूच नका, मराठवाड्याला समुद्र कुठाय. खाली हात जोडलेले, "पटलं तर पुढं पाठवा". मला पटलं नाही म्हणून पुढं न पाठवता लिहितोय. परभणीत माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं, बाहेर भाजीचे चार क्रेट असतात, म्हणजे हे काय मी पुस्तकातून बोलत नाही.

"गिऱ्हाईकाला स्वस्तच पाहिजे" हे आपणच पसरवलेलं आहे भावांनो. तुरीची डाळ घ्या, पॉलिशची चकचकीत डाळ आपण पुढच्या रॅकला मांडतो, बिनपॉलिशची मागं गोणीत झाकून ठेवतो आणि मग म्हणतो मागणीच नाही. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, भाव लिहिला, कुठल्या गावची तूर तेही लिहिलं, तर बायका हातात घेऊन बघतात, दोन प्रश्न विचारतात आणि बऱ्याच जणी घेतात. सगळ्याच नाही घेत, मान्य. लातूरकडच्या बोरसुरी तूरडाळीला अन् जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच खास माल असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, पण दुकानात तशी पाटीच नसेल तर ते सर्टिफिकेट काय फाईलीला लावून ठेवायचं का?

ज्वारीवरून आठवलं, ज्वारीला पूर्ण हंगामात 450 ते 650 मिलिमीटर पाणी पुरतं आणि उसाला 1500 ते 2500 लागतं, आपल्याकडं वर्षाचा पाऊसच सरासरी 700-800 च्या आसपास, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती ते काय कोणी विसरलं नसेल. रब्बीची ज्वारी तर नुसत्या जमिनीतल्या ओलीवर निघते, वर जनावराला कडबा. ती मागं का पडली ह्याला दहा कारणं आहेत, पण त्यातलं एक आपण आहोत, आपण गव्हाच्या पिठाच्या पिशव्या दारात रचल्या अन् ज्वारी ठेवणं बंद केलं. 2023 ला मिलेट (भरडधान्य) वर्ष आलं तेव्हा काय ठेवलं तर ज्वारीची बिस्किटं! त्यात ज्वारी किती अन् मैदा किती ते पाकिटामागं भिंग लावून वाचा एकदा. करडीच्या तेलाचं तसंच, म्हातारी माणसं अजून विचारतात, आपण पामतेलाची पिशवी हातात देतो.

आता "हातात काही नसतं". ह्याचा मला खरा राग आला. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात आहे, गिऱ्हाईक जो रुपया देतं त्यातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला 33 पैसे मिळतात, कांद्याला 36, बटाट्याला 37. उरलेले सगळे आपल्याच गल्ल्यात जातात असं नाही, गाडीभाडं हमाली आडत नासाडी सगळं त्यात आलं, पण रुपयातले साठ-पासष्ट पैसे ज्या साखळीत फिरतात त्या साखळीचं शेवटचं टोक आपण, आणि आपणच म्हणायचं आमच्या हातात काही नाही?

सगळ्यात मोठी गोष्ट आहे पैसे कधी देता ती. माझ्या मावसभावाची सीताफळं शहरातल्या एका मोठ्या दुकानानं घेतली, पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, मिळाली दीड महिन्यानं, त्यातही "डागी माल" म्हणून कपात. तोवर त्याला पुढच्या पिकाचं बियाणं-खत घ्यायचं होतं, ते उधारीवर घेतलं, आणि आपल्याकडं कसंय, उधारी ज्या खतवाल्या दुकानदाराची त्याच्याच सांगण्यावरून फवारणीचं औषध. तो म्हणेल ती बाटली, तो म्हणेल तितक्या फवारण्या. शेतकरी लई फवारतात म्हणून आपण बोंबलतो, पण रोख पैसा वेळेवर हातात असता तर निम्म्या बाटल्यांना तो नाही म्हणू शकला असता. युरोपात 2019 ला नियम केला की नाशवंत माल घेतला की मोठ्या खरेदीदारानं 30 दिवसात पैसे द्यायचे. आपल्याला कायदा कशाला पाहिजे, भाजी त्याच दिवशी विकतो अन् पैसे गल्ल्यात येतात, संध्याकाळी फोनवरून पाठवायला कितीसा वेळ लागतो.

दुसरं म्हणजे दिसणं. मोसंबीच्या सालीवर कोळी किडीनं तपकिरी डाग पडतो, त्याला मंगू म्हणतात, आतून फळ तसंच, रस तसाच. आपण तो माल बाजूला काढतो, शेतकऱ्याला ते माहिती असतं, म्हणून तो नुसत्या सालीसाठी जास्तीची फवारणी मारतो. मी वेगळा क्रेट करून "रसाची मोसंबी" लिहिलं, किलोमागं थोडं कमी लावलं, ज्यूसवाले तर आधी तोच क्रेट उचलतात. आणि "मोंढ्यातूनच (घाऊक बाजारातूनच) घ्यावं लागतं" हे कारण पण जुनं झालं, फळं-भाजीपाला 2016 लाच बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढलाय, थेट शेतातून घ्या की.

सेंद्रियच्या फसवणुकीचं मात्र मेसेजवाल्यानं अर्धं खरं लिहिलंय. पण फसवणूक करतं कोण ते पण लिहायचं ना. 2017 च्या नियमाप्रमाणं सेंद्रिय म्हणून विकायचं तर एनपीओपी (तपासणी संस्थेकडून मिळणारं) किंवा पीजीएस-इंडियाचं (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं, पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो लागतो. सूट आहे ती छोट्या शेतकऱ्याला, तेही तो स्वतः थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर. दुकानात माल आला की ती सूट संपली. म्हणजे कागद न बघता "सेंद्रिय" पाटी लावणारा दुकानदारच फसवतोय. माझ्याकडं कागदवाला माल नाही म्हणून मी पाटी काढून टाकली. त्याऐवजी भाजीवाल्या शेतकऱ्यांना एक वही करायला सांगितलीय, कधी काय मारलं ते लिहायचं, बाटलीवर लिहिलेलं असतं फवारल्यावर किती दिवसांनी तोडणी करायची, ते दिवस झाल्याशिवाय माल आणू नका. पहिले दोन महिने वही सगळी कोरी यायची, हे पण सांगतो.

मासे. समुद्र नाही पण पैठणला जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे, गावोगाव तलाव आहेत, तलाव ठेक्यानं घेऊन मत्स्यबीज सोडणाऱ्या भोई समाजाच्या सोसायट्या आहेत. कटला-रोहूची साठवलेल्या पाण्यात सहसा आपोआप पैदास होत नाही, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडावी लागते. ती पावशेर-पावशेरची असताना बारीक जाळ्यानं काढली की सोसायटीचा पैसा गेला अन् पुढच्या वर्षीचा मासा पण गेला. विकणाऱ्यानं इतकंच म्हणायचं, अर्ध्या किलोच्या आतला कटला मी घेत नाही. थाई मांगूर ह्या परदेशी माशावर 2000 सालापासून बंदी आहे, तो देशी मासा खाऊन टाकतो, तरी मिळतो, कारण घेणारे आहेत. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात "ताजी सुरमई" बोर्ड दिसला तर विचारा कुठून आली, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी 1 जून ते 31 जुलै बंद, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून बंद. बर्फातली आहे म्हणून सांगून विका की, कोण अडवतंय.

राहिलं ते उसाचं, पाण्याचं अन् हमीभावाचं. ते दुकानातून सुटत नाही, मेसेज तिथं बरोबर आहे. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 होता अन् मोंढ्यात त्याच्या खाली विकलं गेलं, त्यात मी काय करणार. पण ऊसवाला ऊस का लावतो, तर त्याला माहिती असतं कारखाना उचलणार, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) ठरलेली आहे. ज्वारीवाल्याला असं सांगणारं कोणी नाही. म्हणून मी पेरणीच्या आधी तीन शेतकऱ्यांना सांगून ठेवतो, इतके कट्टे माझे, भाव कमीत कमी इतका, जास्त झाला तर जास्त. ह्या वर्षी माझा अंदाज चुकला, सात कट्टे उरलेत, कडुनिंबाचा पाला टाकून मागं ठेवलेत, सोंडे (धान्यातले किडे) लागायच्या आत कोणाला पाहिजे असतील तर सांगा.