‘जॅकल’ खरा होता का? एक खुलासा

फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी म्हणजे सत्यकथा असून त्यातला मारेकरी म्हणजे कुख्यात दहशतवादी कार्लोस, असा मेसेज पुन्हा फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

खरं आहे ते एवढंच: २२ ऑगस्ट १९६२ला पॅरिसजवळ पती-क्लामार इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी चालकाने गाडी दामटली आणि राष्ट्राध्यक्ष पत्नीसह सुखरूप सुटले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३मध्ये गोळ्या घातल्या. फोर्सिथची कादंबरी इथूनच सुरू होते, म्हणून तर वाचक फसतो! पुढचा, द गॉलना मारायला नेमलेला भाडोत्री मारेकरी ‘जॅकल’ आणि त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी लबेल, दोघेही काल्पनिक. द गॉल १९७०मध्ये घरीच, नैसर्गिक मृत्यूने गेले.

कार्लोसचं तर उलटंच आहे. कादंबरी १९७१ची, आणि त्याचं नाव गाजलं १९७५मध्ये. लंडनच्या एका फ्लॅटमध्ये त्याच्या सामानाजवळ हे पुस्तक एका बातमीदाराला दिसलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘जॅकल’ करून टाकलं. पुस्तक म्हणे त्याचं नव्हतंच.